ब्लॅकजॅकसाठी पत्ते मोजण्याची पद्धत निवडताना: आधी टेबल, मग आपला हात, मग पद्धत

ब्लॅकजॅक म्हणजे डीलरविरुद्धचा पत्त्यांचा खेळ: २१ च्या वर न जाता त्याच्यापेक्षा जास्त बेरीज करायची. चित्रं दहाची, एक्का एक किंवा अकराचा, आणि पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का व दहाचा पत्ता आला तर तो ‘ब्लॅकजॅक’. कोणते पत्ते येऊन गेले याची मनात गणती ठेवणं म्हणजे पत्ते मोजणं. ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्या घरी रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण पत्ते मोजण्याचा सराव करतो. पैसे लावत नाही, चिपांऐवजी कॅरमच्या सोंगट्या वापरतो. नवीन येणारा माणूस बहुतेक वेळा पद्धत ठरवूनच येतो. कुठल्यातरी तक्त्यात ओमेगा टू किंवा हाय-ऑप्ट टूला जास्त गुण दिसलेले असतात, म्हणून त्याने ती घेतलेली असते. चौथ्या रविवारी तो माणूस पाचव्या हातालाच गणती हरवून बसतो आणि ‘मला गणितच जमत नाही’ म्हणून सोडून देतो. त्याचं गणित चांगलं असतं, चुकलेला असतो तो क्रम. पद्धत शेवटी निवडायची असते, त्याने ती सगळ्यात आधी निवडलेली असते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुरुवातीलाच एक सूचना

महाराष्ट्रात कसिनो नाही. १९७६ चा कसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी ‘खाजगी टेबल’ लावतो म्हणाला तर तो १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली येणारा अड्डा आहे. तिथे जाऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, त्यामुळे ‘मोबाइलवर लाइव्ह डीलर’ हा मार्गही बंद आहे. राहतं ते गोव्यातलं परवानाधारक कसिनो, तेही वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावर, किंवा सिक्कीममधलं वा परदेशातलं. नाहीतर आमच्यासारखं घरच्या घरी सोंगट्यांवर.

## टप्पा १: बेसिक स्ट्रॅटेजी आधी पाठ करा

कोणतीही पद्धत घेतली तरी तिचा पाया एकच असतो: आपले पत्ते आणि डीलरचा उघडा पत्ता पाहून गणितानं ठरलेल्या निर्णयांचा तक्ता. हा तक्ता कच्चा असेल तर मोजून काही हाती लागत नाही. मोजल्यामुळे मिळणारी आघाडी एक टक्क्याच्या आसपास असते, आणि अंदाजपंचे खेळणारा माणूस त्याहून जास्त गमावतो.

लोक चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. एक्का-सत्ती हातात आणि डीलरची नव्वी, दश्शी किंवा एक्का असेल तर ‘अठरा झाले’ म्हणून थांबतात. तिथे पत्ता घ्यायचा असतो. बारा असताना डीलरच्या दुर्री-तिर्रीसमोरही थांबतात, तिथेही पत्ता घ्यायचा. सोळावर डीलरची दश्शी आली की मन घाबरतं आणि प्रत्येक वेळी वेगळा निर्णय होतो.

तक्ता निवडताना एक गोष्ट पाहा. काही टेबलांवर डीलर आपला दुसरा पत्ता सगळ्यांचे हात संपल्यावरच घेतो, आणि त्याचा ब्लॅकजॅक झाला तर तुमची दुप्पट केलेली रक्कमही जाते. अशा टेबलावर डीलरची दश्शी किंवा एक्का असेल तर अकरावर पैज दुप्पट करायची नाही आणि आठ-आठ फोडायचे, म्हणजे दोन वेगळे हात करायचे, नाहीत. अमेरिकन तक्ता पाठ करून अशा टेबलावर बसणारे नेमके याच दोन हातांना मार खातात.

तपासणी: घरातल्या कोणाला तरी पत्ते वाटायला सांगा. सलग २०० हातांत जास्तीत जास्त एक चूक. दोन झाल्या तर आणखी एक आठवडा याच टप्प्यावर.

## टप्पा २: तुम्ही खरोखर बसणार ते टेबल लिहून काढा

पद्धतीचे गुण टेबलावर अवलंबून असतात, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. एका कॅटच्या खेळात गणतीनुसार हातातला निर्णय बदलण्याला महत्त्व असतं, सहा किंवा आठ कॅटांच्या शूमध्ये (ज्या पेटीतून पत्ते वाटतात तिच्यात) पैज कधी वाढवायची याला. या दोन कामांसाठी दोन वेगळे मोजमाप आहेत, त्यांच्याकडे पुढच्या टप्प्यात येऊ. आधी वहीच्या पानावर पाच उत्तरं लिहा:

१. शूमध्ये किती कॅट आहेत?

२. शेवटचे किती कॅट न खेळता कापून ठेवतात? सहापैकी दीड ठेवत असतील तर मोजायला वाव आहे. तीन ठेवत असतील तर कुठलीच पद्धत फारसं काही देत नाही.

३. ब्लॅकजॅकला ३:२ मिळतात की ६:५? ६:५ मुळे घराची, म्हणजे कसिनोची, बाजू जवळपास १.४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तुमच्या सगळ्या मेहनतीहून जास्त.

४. डीलर सॉफ्ट सतरावर (एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) थांबतो की पत्ता घेतो? घेत असेल तर घराला अजून सुमारे ०.२ टक्के.

५. पत्ते हाताने पिसतात की सतत पिसणारं यंत्र आहे?

सावधान: पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘सतत पिसणारं यंत्र’ असेल तर इथेच थांबा. खेळलेले पत्ते लगेच यंत्रात परत जातात, त्यामुळे मोजायला काही उरतच नाही. वीस हात संपले की पत्ते गोळा करून पिसणारं यंत्र आणि हे यंत्र वेगळं. दिसायला सारखी असतात, म्हणून पत्ते कधी परत आत जातात ते दहा मिनिटं उभं राहून पाहा. बसण्याची घाई नको.

## टप्पा ३: पद्धती समोरासमोर ठेवा

सगळ्या पद्धतींचं तत्त्व एक. मोठे पत्ते आणि एक्के खेळाडूच्या कामाचे, कारण ब्लॅकजॅक जास्त होतात, दुप्पट केलेले हात जुळतात, आणि बारा ते सोळामध्ये अडकलेल्या डीलरला पत्ता घ्यावाच लागत असल्याने तो जास्त वेळा फुटतो, म्हणजे २१ च्या वर जातो. लहान पत्ते डीलरच्या कामाचे. म्हणून लहान पत्ता गेला की अधिक, मोठा गेला की उणे.

हाय-लो. दुर्री ते छक्की +१, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का −१. एका कॅटमध्ये वीस अधिक, वीस उणे, म्हणून शेवट शून्यावर होतो.

नॉकआउट, म्हणजे केओ. हाय-लोसारखीच, फक्त सत्तीलाही +१. चोवीस अधिक आणि वीस उणे झाल्याने दर कॅटमागे गणती चारने वर सरकते. हा सरकता तोल मुद्दाम ठेवलेला आहे, कारण त्यामुळे भागाकार टळतो.

रेड सेव्हन. लाल सत्ती, म्हणजे बदाम आणि चौकट, +१. काळी सत्ती शून्य. बाकी हाय-लोप्रमाणे. दर कॅटमागे दोनने वर.

झेन. दुर्री, तिर्री, सत्ती +१. चव्वी, पंजी, छक्की +२. दहाच्या किमतीचे सगळे −२, एक्का −१.

ओमेगा टू. दुर्री, तिर्री, सत्ती +१. चार, पाच, सहा +२. नव्वी −१, दहाचे −२, अठ्ठी आणि एक्का शून्य. एक्का मोजत नसल्यामुळे त्याची वेगळी मोजणी ठेवावी लागते, आणि माणसं तिथेच कोसळतात.

आता मोजमाप. पैज कधी वाढवायची हे पद्धत किती अचूक सांगते, याचा आकडा केओचा ०.९८, हाय-लोचा ०.९७, झेनचा ०.९६, ओमेगा टूचा ०.९२. हातातला निर्णय बदलण्याबाबत हाय-लो ०.५१, केओ ०.५५, झेन ०.६३, ओमेगा टू ०.६७. ‘ताकदवान’ म्हणून मिरवणाऱ्या पद्धती दुसऱ्या रांगेत पुढे आहेत, आणि दुसऱ्या रांगेला वजन एक-दोन कॅटांच्या खेळात. तुमच्या वहीत सहा किंवा आठ कॅट लिहिलेले असतील तर पहिली रांग पाहा. तिथे सगळ्यात सोप्या दोन पद्धती सगळ्यात वर आहेत. इतकं स्पष्ट दिसत असूनही लोक उलटं करतात याचं मला वाईट वाटतं, कारण त्यात त्यांचे महिने जातात.

## टप्पा ४: आपली चूक मोजा

निवड प्रत्यक्षात इथे होते, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी दोन आठवडे धरते.

पहिल्या आठवड्यात हाय-लो, दुसऱ्यात केओ. दोन्ही एकाच दिवशी करू नका, सत्तीची किंमत कायमची गोंधळते.

क्रम असा:

(अ) एक कॅट घ्या, एक पत्ता न बघता बाजूला ठेवा, उरलेले ५१ उलटत मोजा. हाय-लोमध्ये शेवटी +१ आलं तर लपवलेला पत्ता मोठा, −१ आलं तर लहान, शून्य आलं तर सात-आठ-नऊपैकी. केओमध्ये शून्यापासून सुरू करून पूर्ण कॅट +४ वर संपतो, म्हणून +५ आलं तर लपवलेला मोठा, +३ आलं तर लहान. स्वतःची चूक अशी लगेच पकडता येते.

(आ) मग दोन-दोन पत्ते एकत्र उलटा. राजा आणि पंजी दिसले की ‘शून्य’, म्हणजे काहीच म्हणायचं नाही. जोड्या परस्पर रद्द होताना दिसू लागल्या की वेग आपोआप येतो. मी बरीच वर्षं बँकेत कॅश काउंटरवर होते. नोटांच्या बाबतीतही तेच होतं, एकेक नोट म्हणत बसणारा संध्याकाळी हमखास चुकतो.

(इ) तोंडाने पुटपुटणं बंद करा. ओठ हलणारा माणूस बोलायला गेला की आकडा सांडतो.

(ई) वेळ लावा. पूर्ण कॅट ३० सेकंदांच्या आत, सलग दहापैकी नऊ वेळा बरोबर.

वेगासाठी एक जादा सराव आम्ही घोडबंदर रोडच्या बसमध्ये करतो: गाड्यांच्या नंबरप्लेट. सुरुवातीचं एमएच ०४ किंवा एमएच ४३ सोडून द्यायचं आणि शेवटचे चार आकडे घ्यायचे, ० म्हणजे दश्शी, १ म्हणजे एक्का. फक्त लक्षात ठेवा, दहा आकड्यांमध्ये पाच अधिक आणि दोनच उणे असल्यामुळे ही गणती सतत वर जाते. डोळे आणि डोकं जुळवायला छान आहे, पण शेवटच्या आकड्याला अर्थ नाही.

तपासणी: दोन्ही आठवड्यांची वही शेजारी ठेवा. दहा-दहा कॅटांत कोणत्या पद्धतीत चुका कमी? त्याहून महत्त्वाचं, टीव्हीवर बातम्या लावून कोणत्या कमी? शांत खोलीतला आकडा निवडीसाठी वापरू नका.

सावधान: या टप्प्यात ‘झेनही करून बघतो’ असं वाटेल. हात लावू नका. दोन पातळ्यांच्या किमती डोक्यात शिरल्या की हाय-लोच्या चव्वीलाही +२ म्हणू लागतो.

## टप्पा ५: भागाकार जमतो का?

हाय-लो आणि केओमधला खरा फरक सत्तीपेक्षा या टप्प्यात आहे.

हाय-लोमध्ये चालू गणतीला, म्हणजे आतापर्यंत दिसलेल्या पत्त्यांच्या बेरजेला, उरलेल्या कॅटांनी भागून खरी गणती काढतात. चालू +९ आणि शूमध्ये तीन कॅट उरले, तर खरी +३. तेच +९ पाच कॅट उरले असताना +२ सुद्धा भरत नाही. खरी गणती एकने वाढली की साधारण अर्धा टक्का तुमच्या बाजूने सरकतो. भागाकार न करता +९ पाहूनच पैज वाढवणं ही हाय-लोवाल्यांची सगळ्यात महागडी चूक.

उरलेले कॅट ओळखायचे ते टाकलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यावरून. एक कॅट साधारण दीड सेंटीमीटर जाड असतो. घरी सहा कॅट आणा, वेगवेगळ्या जाडीचे गठ्ठे करून बाजूने फोटो काढा, मागे खरा आकडा लिहा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्यावर दिघा ते तुर्भे एवढ्यात वीस-पंचवीस फोटो होतात: गठ्ठा ओळखा, मनाने एखादी चालू गणती धरा, भागा. अर्ध्या कॅटपर्यंत अंदाज बरोबर येऊ लागला की पुरे.

केओमध्ये हा भागाकार नाही. सहा कॅटांच्या शूला −२० पासून सुरुवात करायची, −४ आलं की पैज वाढवायला लागायचं, +३ ला इन्शुरन्स (डीलरचा एक्का उघडा असताना त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायची जादा पैज) घ्यायचा. मात्र या सोयीची किंमत समजून घ्या. केओचा आकडा +४ वर नेमका असतो आणि तिथून लांब गेला की ढिला होतो. पाच कॅट उरले असताना −४ आलं तर खरी स्थिती सुमारे +२.४ ची असते. दोनच कॅट उरले असताना तेच −४ म्हणजे शून्य, काहीच फायदा नाही. म्हणून शू संपत आल्यावर −४ ला भुलू नका, शून्याच्या वर जाईपर्यंत थांबा. एवढी एक सुधारणा केली तर केओ भरपूर आहे.

तपासणी: ५० फोटोंपैकी ४५ ला खरी गणती एकाच्या फरकात आली, तीही पाच सेकंदांत? तर भागाकार तुमचा. नाही आली तर केओ घ्या आणि मन खट्टू करू नका.

## टप्पा ६: आता निवडा

सहा किंवा आठ कॅट, भागाकार जमतो: हाय-लो.

सहा किंवा आठ कॅट, भागाकारात अडखळता: केओ. दोघांच्या मधलं, थोडा जास्त डोळा असलेल्यांसाठी: रेड सेव्हन, सहा कॅटांना −१२ पासून.

एक-दोन कॅट, आणि वर्षभर हाय-लो बिनचूक चाललेली आहे: तेव्हाच झेन.

ओमेगा टू मी कोणाला सुचवत नाही. शूवर तिचा फायदा इतका बारीक आहे की तासाला दोन-तीन चुका झाल्या तरी तो निघून जातो, आणि एक्क्यांची वेगळी मोजणी ठेवताना तेवढ्या चुका होतातच.

निवड वहीत तारखेसह लिहा. सहा महिने बदलायची नाही.

## टप्पा ७: पैशाचा हिशोब, तिकीट काढायच्या आधी

उदाहरण म्हणून किमान पैज ५०० रुपये धरू, वाढवून आठपट, सरासरी पैज १,००० आणि आघाडी एक टक्का. १०० हातांमागे अपेक्षित कमाई १,००० रुपये. त्याच १०० हातांत नशिबाचा नेहमीचा हेलकावा सुमारे १७,००० रुपये वर किंवा खाली. दहा तासांत ६०० हात खेळलात तर अपेक्षित ६,०००, हेलकावा सुमारे ४२,०००. कौशल्य नशिबाच्या बरोबरीला यायला जवळपास ३०,००० हात लागतात, म्हणजे अशा पन्नास फेऱ्या. गणती अधिक असतानाही हरलेले हात जिंकलेल्यांपेक्षा जास्तच असतात, फायदा येतो तो ब्लॅकजॅक आणि दुप्पट केलेल्या हातांतून. हे ठाऊक नसलेला माणूस +४ वर तीन हात हरला की पद्धतीला दोष देतो आणि दुसरी शोधायला लागतो.

यावर कर आहे. कसिनोत चिपा घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. कसिनो तो तुमच्याकडून कसा वळता करतं, हे दारातच विचारा: ‘दहा हजार भरले तर खेळायला किती रुपयांच्या चिपा मिळतील?’ उत्तर दहा हजारांहून कमी असेल तर एक टक्क्याची आघाडी बसायच्या आधीच संपली. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. आमच्या गटातल्या बहुतेकांनी हा हिशोब मांडून सोंगट्यांवरच राहायचं ठरवलं. मीही.

सावधान: कर्जाचे, फीचे, घरखर्चाचे पैसे या खेळात आणू नका. आणि एखाद्याला हरलेलं परत मिळवल्याशिवाय उठवतच नसेल, तर त्याने कोणतीच पद्धत शिकू नये. अशा दोघांना मी स्वतः रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं आहे.

## टप्पा ८: गर्दीतली चाचणी, आणि त्यानंतरच जादा निर्णय

घरातल्या टेबलावर चार जण बसवा, एक डीलर, एक जण मुद्दाम गप्पा मारणारा. ‘काय हो, ठाण्यात कुठे राहता?’ असं विचारलं की उत्तर देऊन आकडा टिकला पाहिजे. सोंगट्यांनी पैज वाढवा-कमी करा, पत्ते मोजा, बेसिक स्ट्रॅटेजी सांभाळा, तिन्ही एकदम. शू संपला की आकडा सांगा आणि उरलेले पत्ते मोजून पडताळा.

हे दोन तास नीट चाललं की मगच गणतीनुसार बदलायचे निर्णय शिका. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक एकदम अठरा निर्णय पाठ करायला घेतात. हाय-लोवाल्यांनी पहिला इन्शुरन्स घ्यावा, खरी गणती +३ आणि वर. मग सोळा विरुद्ध दश्शी: शून्य किंवा वर असेल तर थांबा. मग पंधरा विरुद्ध दश्शी: +४ ला थांबा. मग बारा विरुद्ध तिर्री: +२ ला थांबा. दर आठवड्याला एक.

टेबलावर फोन, घड्याळ, कसलंही यंत्र मोजायला वापरू नका. डोक्यात मोजणं हा खेळाचा भाग आहे, पण कसिनोला तुम्हाला उठवण्याचा हक्क आहे. उठवलं तर वाद न घालता उठायचं.

गोव्याला जाणाऱ्यांची एक ठरलेली चूक: रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडायची, डब्यात जागरण करायचं, सकाळी करमाळीला उतरून संध्याकाळी थेट टेबलावर. झोप न झालेल्या डोक्याने मोजायला गेलात तर टप्पा ४ मधले तुमचे आकडे लागू होत नाहीत. जागरण करून एका रविवारी तीच ३० सेकंदांची चाचणी घरी देऊन पाहा, आणि वहीत त्या दिवसाच्या चुका लाल पेनाने लिहा.